सरदारच्या कानातले दोरे

नांदे,
२५ एप्रिल २०२५

प्रिय जालिंदरदादास,

सृष्टीचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझा पाय कसा आहे हे तुला विचारत नाही, कारण तू 'झकास' म्हणणार.

पत्र बघून हसू नकोस. फोन रोज होतो, पण आपल्याकडे फोन म्हणजे सभा. आप्पा स्पीकर लावतात, आई कान लावते, आणि मला जे बोलायचं असतं ते राहून जातं. तुझ्याबरोबर काम करणारा मारुंजीचा इंद्रजित सुट्टी संपवून उद्या भूतानला परत निघतोय. तुझ्या ऑपरेशनच्या आत हे तुझ्या हातात पडलंच पाहिजे, अशी तंबी त्याला दिली आहे.

बातम्या म्हणशील तर शेजारच्या रानात आणखी एक बिल्डिंग उठली. मेंढरं सोसायटीच्या भिंतीकडेने न्यावी लागतात. वॉचमन शिट्टी मारतो, मेंढरं थांबतात, आणि आप्पा त्याचा उद्धार करतात. तू राहतोस त्या घरच्या देचेन आजींनी दिलेलं वाळकं चीज आई अजून खलबत्त्यात कुटते आहे. आप्पा येईल त्याला तिकडच्या गमती सांगतात. लोण्याचा खारट चहा, ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं प्रार्थनेचं चाक, स्तूपाला आपल्यासारखीच उजवी प्रदक्षिणा. घरांच्या भिंतींवरची ती अचकटविचकट चित्रं मात्र गाळतात. तुला सांगितलं होतं ना, ती दिसल्यावर माझ्यापुढे पन्नास पावलं चालायला लागले होते ते?

जत्रा झाली. सरदार मजेत आहे.

हे परत वाच. आप्पांनी तुला फोनवर 'नवस फिटला' म्हणून सांगितलं. तू नुसतं 'बरं' म्हणालास. तुझं ते 'बरं' माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी तुझ्या पोकलेनवर दरड आली आणि दिवसभर तुझा पत्ता लागेना, तेव्हा आप्पांनी कळपातला सगळ्यात देखणा एडका, आपला सरदार, धरला, कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाले, "पोरगं जित्तं ऱ्हायलं तर चैताच्या जत्रंला ह्यो तुझा, बिरोबा." हे तुला ठाऊक आहे. ते आजींना कोणीच सांगितलं नव्हतं.

फाल्गुनात आम्ही तुला बघायला आलो. तुझं हाड जुळत नव्हतं. आजींनी खाटकाच्या दावणीचा एक मेंढा सोडवून आणला, भिक्षूंकडून मंत्र म्हणवले आणि त्याच्या कानात पाच रंगांचे दोरे ओवून तुझ्या नावाने मोकळा सोडला. त्याला आयुष्य मिळालं की ते तुलाही मिळेल, अशी त्यांची रीत. तू खिडकीशी पडून बघत होतास. आजी हिंदीत म्हणाल्या, "अब इस लड़के के नाम पर खून नहीं गिरना चाहिए. नहीं तो सब उल्टा होगा." आप्पांना सगळं समजलं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला आणि त्याही मेंढ्याच्या कपाळाला लावला. आजींना वाटलं, मान दिला. मला दारचा सरदार आठवला.

परतीच्या गाडीत आप्पा एवढंच बोलले. "सृष्टे, दोन्ही खरं आसलं तर?"

मग तुझ्या ऑपरेशनची तारीख आली, तीही जत्रेला लागूनच. आई म्हणायची, "नवस ऱ्हायला आन् पोराला काय झालं तर?" मी म्हणायचे, "नवस केला आन् झालं तर?" दोघींना भीती एकाच गोष्टीची, आणि भांडत होतो एकमेकींशी. आप्पा जेवून उठून जायचे.

जत्रेच्या आदल्या दिवशी आप्पा मेंढरं पाण्यावर घेऊन गेले. सरदार नवसाचा म्हणून दारात बांधलेला. आजींनी उरलेले दोरे माझ्या हातात ठेवले होते, ते मी जपून आणले होते. गोणी शिवायची दाभण घेतली, हळद घेतली, आणि त्याच्या कानात पाचही दोरे ओवले. वेड्याने पाला खायचाही थांबवला नाही.

सकाळी आप्पांनी कान बघितला, मग मला बघितलं. दावं सोडलं आणि बिरोबाच्या माळाची वाट धरली. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

देवापुढे भावकीतल्या बाजीतात्यांनी सरदारच्या पाठीवर पाणी ओतलं. त्याने अंग झाडलं की देवाने घेतला, मग सुरी. सगळे त्याच्याकडे बघत होते. मी डोळे मिटून मनात म्हणत होते, झाडू नकोस, झाडू नकोस. मेंढ्याला कुठलं कळतंय. त्याने असं झाडलं की थेंब माझ्या तोंडावर आले. चांगभलं झालं, सुरीवाला पुढे आला, आणि आप्पांनी सरदारच्या कानावर पंजा ठेवला.

तात्या म्हणाले, "गेणबा, हात काढ. देवानं घेतलाय त्यो."

"घेतलाय ना? मग त्याचा म्हणून ऱ्हाऊ दे माझ्या कळपात. माझ्या पोराला त्या म्हातारीनं चमच्यानं भरवलंय. तिच्या दोऱ्यावर मी सुरी चालवू व्हय?"

"आन् पोराला काय झालं तर? कुणावर येनार ते?"

दादा, आप्पांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते खाली बसले, वहाणा काढल्या आणि देवापुढे ठेवल्या. "पोराच्या पायाचं काय घ्यायचं आसंल तर माझ्या पायांचं घे, बिरोबा. त्यो चालत दारात येईस्तवर ह्या घालणार न्हाई."

तात्या तिथूनच निघून गेले. अजून आपल्या घरी आलेले नाहीत. नवस मोडला असं अख्ख्या वाडीत बोलतात. आप्पा तुझ्याशी खोटं बोलले ते तू धास्तावू नयेस म्हणून. त्यांना कुठे ठाऊक, तू त्या 'नवस फिटला'नेच धास्तावलास.

तर ऐक. तुझ्या नावाने रक्त सांडलेलं नाही. आजींनाही सांग, आणि मग निवांत मनाने टेबलावर जा.

मी निवांत नाही, हे खोटं कशाला लिहू? मला फार भीती वाटते. दोरे मी ओवले. उलटसुलट काही झालं तर लोक आप्पांना बोलतील, आणि आप्पा मला काहीच बोलणार नाहीत. ते मला सोसायचं नाही.

ते अनवाणीच मेंढरांमागे जातात. दुपारी डांबर तापलेलं असतं. टाचा फुटल्या आहेत, आई त्यांवर कोकमाचं तेल चोळते. वहाणा मी माळावरून उचलून आणल्या, दाराशी ठेवल्या आहेत. आई रोज पुसते. कुणाला हात लावू देत नाही.

काठी घेऊन ये, लंगडत ये, लागेल तेवढा वेळ लाव. पण आपल्या पायांनी ये, आणि त्या वहाणा तूच आप्पांच्या पुढे ठेव.

तुझी,
आणि आता दोऱ्यांच्या दोन्ही एडक्यांचीही, बहीण
सृष्टी