तेल, पाणी आणि रिना

४ जुलै
अंजनाबाईंचे धानाचे पऱ्हे जळले! सगळ्या रोपांची टोकं करपलीत. परवा आमच्याच महिला गटानं निंबोळी तेल फवारलं होतं. आता त्या रोवणी कशाची करणार? गेले तर बाई बांधावर बसलेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पंप उघडून पाहिला. तळाशी उरलेलं नुसतं तेल. म्हणजे फवारताना आधी पाणी निघून गेलं आणि शेवटी कोरं तेल पानांवर बसलं.

५ जुलै
तेल-पाणी आपणहून एक होत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चामोर्शीच्या प्रशिक्षणात धनराज सरांनी बाटलीत करून दाखवलं होतं. नुसतं हलवलं की तेलाचे बारीक थेंब होतात, पण ते पुन्हा एकमेकांना भेटतात, जुळतात आणि वर येतात. साबण घातला की त्याचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. प्रत्येक थेंबाभोवती कुंपणच. मग थेंब जुळत नाहीत, सगळं दुधासारखं पांढरं राहतं, फवारून होईपर्यंत तरी.

म्हणजे साबण कमी पडला. आणि साबण कोणाकडे? रिनाकडे! किसायचा तिनं, विरघळवायचा तिनं. मागच्या महिन्यात म्हणतच होती, साबण थोडा कमी टाकून पाहू. मी नाही म्हटलं होतं. केलंच शेवटी!

६ जुलै
विचारलं. म्हणे, "मी मापानंच टाकला." एवढंच. पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेली. माझ्या बाळंतपणात दवाखान्यात चार दिवस माझ्या उशाशी होती. आणि आता तोंडावर खोटं बोलते!

८ जुलै
बुद्धविहारात गटाची बैठक. कृषी सखीची, म्हणजे गावातल्या बायकांना शेतीचं शिकवणाऱ्या बाईची, निवडही आजच होती, त्यासाठी तालुक्याच्या मॅडम आल्या होत्या. यादीत माझंच नाव वर. दोन वर्षं वाट पाहिली या दिवसाची. पण आधी पऱ्ह्यांचंच निघालं. मॅडमनी विचारलं, चूक कोणाची?

मी उभी राहिले. सांगितलं, साबण रिनाकडे होता, तिनं तो वाचवला. रिना माझ्याकडे बघत राहिली, मग मान खाली. खरी असती तर बोलली नसती का? बायकांनी तिला गटातून काढलं. माझी निवड झाली. टाळ्या वाजल्या, आणि मला घरी कधी जाते असं झालं. माझा चांगला दिवसही हिनं नासवला.

९ जुलै
तिच्या घरावरून गेले. मला बघून दार लावून घेतलं. तिनं! दार लावायचा हक्क माझा होता.

१३ जुलै
कृषी सखी म्हणून पहिलं प्रात्यक्षिक. शाळेच्या अंगणात, वीस बायकांसमोर. साबण मीच मोजला, तेल मीच मोजलं, मीच घोटलं. पाच मिनिटांत दूध फाटावं तशा कवड्या, आणि तेल वर! बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

सरांना फोन केला. त्यांनी साबणाचं काही विचारलंच नाही. पाणी कुठलं, म्हणाले. शाळेच्या बोरवेलचं. मग म्हणाले, त्यात क्षार असतात, भांडी पांढरी पडतात ना, त्यानंच. साबण त्या क्षारांशीच जुळून कवड्या होतो, तेलाला धरायला उरतच नाही.

आम्ही नेहमी बोडीचं, म्हणजे शेतातल्या तळ्यात साठलेलं पावसाचं पाणी घ्यायचो. २ तारखेला बोडी गढूळ होती. नोझल चोंदेल म्हणून बोरचं भरा, असं मीच सांगितलं. रिना तेव्हा काही म्हणाली होती का? आठवत नाही. आठवायची भीती वाटते.

१४ जुलै
रिनाकडे गेले. दारातूनच बोलले — पाणी माझं चुकलं, साबण नाही. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मले मालूम होतं. दोन बाटल्या करून पाह्यल्या होत्या मी, एक बोडीची, एक बोरची. बैठकीत माह्या पिशवीतच होत्या."

मग काढल्या का नाहीत?

"मॅडमसमोर काढल्या असत्या तं तुही निवड गेली असती. बैठक झाल्यावर तुले एकटीले दाखवणार होती."