केबल पाइपात असताना

तात्या, आज नाशिक रोडला एका दवाखान्याच्या आवारात मी तुमचा नियम मोडला, आणि बरोबर केलं. रागवायचं असेल तर आधी सगळं ऐकून घ्या.

मनगटाएवढी जाड केबल, जमिनीखालून पाइप, मध्ये दोन बेंड. पलीकडच्या तोंडाशी दोर धरून माझी माणसं आणि अलीकडे ड्रमपाशी केबल आत सोडायला मी. ही जागा तुमची. ओढणाऱ्याला ताकद लागते, सोडणाऱ्याला कान, असं तुम्ही म्हणायचात. आणि एकदा केबल पाइपात शिरली की थांबायचं नाही. केबल सरकावी म्हणून लावलेलं साबणाचं पाणी सुकलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ती हलत नाही. पंचवटीतल्या त्या बोळात आई डबा घेऊन आली, तर तिला तुम्ही उन्हात ताटकळत ठेवलंत. माझा हात दोराखाली चेमटला तेव्हा मान न वळवता म्हणालात, "हात नंतर बघू. आधी केबल." आयटीआय करून मी नुकतीच तुमच्या हाताखाली आले होते. रडले नाही, उलट अभिमानच वाटला. पुढे माझ्या माणसांनाही तेच शिकवलं, अगदी तुमच्याच थाटात.

आज "हैश्शा, हैश्शा" जोरात चाललेलं असतं आणि अचानक त्यातला एक आवाज कमी होतो. सटाण्याकडचा माझा जुना माणूस, सगळ्यांत मोठ्या गळ्याचा. दोर तर सरकतोच आहे. मी ओरडते, "थांबा!" कुणी थांबत नाही, तशी सवयच मी कुणाला लावलेली नाही. केबल सोडून धावत सुटते, पुन्हा ओरडते, तेव्हा कुठे दोर सैल होतो. त्याची बोटं दोर आणि पाइपाच्या काठात अडकलेली, चेहरा पांढराफटक.

"अरे, बोलला का नाहीस?"

"ताई, तुम्हीच म्हनल्या ना, केबल पाइपात असली का थांबायचं नाय."

मी दोर बाजूला सारून त्याची बोटं सोडवली.

बोटं वाचली, टाक्यांवर निभावलं. केबल मात्र बेंडमध्ये धरून बसली, उद्या सगळी उलटी ओढून काढायची. दवाखान्याच्या मालकांनी तोंड वाजवलं. वाजवू दे. संध्याकाळी चहावर मी सगळ्यांना बजावलं, यापुढे ज्याला दुखेल त्यानं ओरडायचं आणि बाकीच्यांनी दोर सोडायचा, मग केबलचं काहीही होवो. तुमचं बाकीचं सगळं मी जपलंय, तात्या, आणि त्यावरच माझं पोट चालतं. हा एक नियम तेवढा तुमच्याबरोबर गेला असं समजा.

हे तुमच्यापर्यंत पोहोचायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. दुसऱ्यांदा ओरडले तो आवाज हुबेहूब तुमचा निघाला. तुमच्या आवाजात "थांबा" हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. फार बरं वाटलं.