दाढीच्या आरशाएवढी इमारत

३ मार्च
नवऱ्याने नव्या इमारतीचं मॉडेल घरी आणलंय. नुसती काच! समोरची भिंत आत वळलेली — 'शहराला कवेत घेणारी', असं तो म्हणतो. मला ती दाढीच्या आरशासारखी वाटली. तसं म्हणालेही. झालं, गाल फुगले. नवरा आर्किटेक्ट, बायको कॉलेजात गणित शिकवणारी... लग्न जुळवणाऱ्याने नेमकं काय पाहिलं होतं कोण जाणे.

४ मार्च
ती भिंत डोक्यातून जाईना. आत वळलेला आरसा ऊन एका जागी गोळा करतो, साधारण त्रिज्येच्या निम्म्यावर. त्याच्याच नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं. दुपारचं सगळं ऊन समोरच्या शाळेच्या घसरगुंडीवर!
त्याला दाखवलं. म्हणाला, तुझं गणित फळ्यावरच शोभतं.
बरं. बघतेच.

५ मार्च
अबोला. सासूबाई खुशीत. त्यांना दोन्हीकडच्या तक्रारी ऐकायला मिळतात.

७ मार्च
सुट्टी. भर दुपारी मॉडेल बाल्कनीत ठेवलं, उन्हाकडे तोंड करून. माप घेऊन समोर एक काळा फुगा बांधला. सासूबाईंना कटात घेतलं. आपल्या लेकाला चहासाठी बाल्कनीत बोलवायचं काम त्यांचं, आणि ते त्यांनी इतक्या साळसूदपणे केलं की मीच चाट पडले.
तो बसला, कप तोंडाला लावला, मी मॉडेलवरचा टॉवेल ओढला, आणि फाट्! अर्धा चहा शर्टावर.
सासूबाई पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. मी मात्र गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "ही घसरगुंडी होती."
तो हसला नाही. फुग्याचं वितळलेलं रबर बोटाने चाचपून पाहिलं. मग दुसरा फुगा मागितला. तोही फुटला. तिसऱ्याच्या वेळी सावली आली होती, तरी साहेब उन्हाची वाट बघत बसून!

८ मार्च
दिवसभर खाली मान घालून काम. भिंत आता बाहेर वळलीय, ऊन चहूकडे पांगेल. त्रिज्या किती ठेवू, हे मला विचारलं. मला! मी जरा भाव खाल्ला, मग सांगितली.

९ मार्च
नवी भिंत त्याच्या कंपनीच्या मालकाला दाखवायला गेलाय. सासूबाई म्हणतात, पुढच्या इमारतीच्या वेळी फटाकेच आणू.

१० मार्च
दुपारीच घरी आला. मालकाला भिंत आतच वळलेली हवी. जाहिराती छापून झाल्यात म्हणे. हा राजीनामा देऊन आला. तिथून थेट त्या शाळेत गेला आणि मुख्याध्यापिकेला सगळं सांगितलं. उद्या त्यांच्यासोबत नगरपालिकेत जाणार आहे.
मग मला म्हणाला, "दोघांचं ऑफिस काढू. रेघा माझ्या, गणित तुझं."
हो म्हटलं.