फ्रीजरच्या दारावरची रिकामी चौकट

१२ नोव्हेंबर

मागच्या डोंगरावर वीज पडली. प्रयोगशाळेतली लाइट गेली! इथे संशोधन करणारी शिहो जेवायला गेलेली. तिच्या छोट्या फ्रीजमधल्या औषधाच्या बाटल्या कोमट होणार — मोठा फ्रीजर तेवढा जनरेटरवर चालतो. उचलल्या, त्यात ठेवल्या. बापाची होडी होती, मासे बर्फात घालायला मी शाळेआधी शिकले. तासाभराने लाइट आली. बाटल्या दगड झालेल्या. मुठीत धरून विरघळवल्या, जागेवर ठेवल्या.

फ्रीजरचं दार उघडणाऱ्याने दारावरच्या कागदात तारखेपुढच्या चौकटीत आपल्या नावाचा शिक्का मारायचा असतो. ज्याचा शिक्का त्याची जबाबदारी. माझा कोटात, कोट खाली. राहिलं. मरू दे.

१४ नोव्हेंबर

शिहोने आठ उंदरांना ते काळं औषध टोचलं. धरून मी दिले, पिंजरे माझ्याकडेच आहेत. हे एवढं काळं काय गं, विचारलं. तर म्हणे चरबीचे बुडबुडे आहेत, पोटात कॅन्सरचं औषध आणि सालीत कोळशाच्या नळ्या, केसाहून हजारो पट बारीक. बाहेरून उजेड टाकला की कोळसा तापतो, बुडबुडा उघडतो, औषध गाठीवरच सुटतं. बाकी अंगाला झळ नाही. तीन वर्षं खपली आहे पोरगी त्यासाठी.

मग हसत म्हणाली, "मावशी, फक्त गोठवायचं नाही हं. बर्फाची टोकं बुडबुडे फाडतात. मग ते नुसतं विष."

माझ्या हातात सातवा उंदीर होता. तो दिला. आठवाही दिला.

१५ नोव्हेंबर

सगळे खातायत. कदाचित काही झालं नसेल. बाटलीत बघून काय कळणार — काळं ते काळंच!

१७ नोव्हेंबर

पाच मेले. उजेड टाकायच्या आधीच.

शिहो पिंजऱ्यापुढे बसून राहिली. कोळसाच विषारी निघाला म्हणते. मी लाकडाचा भुसा बदलत राहिले. स्वच्छ होता तरी बदलला.

१९ नोव्हेंबर

प्रयोगात मेलेल्या उंदरांचं वर्षश्राद्ध. मागच्या अंगणातल्या त्यांच्या स्मृतीच्या दगडापुढे सगळे उभे. प्रयोगशाळेचे प्रमुख प्रोफेसर मिनाकुचींनी वर्षभरात मेलेल्यांचा आकडा वाचला. पहिलं फूल दरवर्षी मी वाहते, खाऊ घालते म्हणून. शेवंती हातातून निसटून चिखलात पडली. शेजारची म्हणाली, किती जीव लावता हो तुम्ही. जीव कसला! दगडापुढे उभं राहून मी नोकरीचा विचार करत होते.

२० नोव्हेंबर

आज सांगायचंच म्हणून शिहोकडे निघाले. दारातच प्रोफेसरांचा आवाज. हे कोळशाचं काम मार्चमध्ये बंद करू म्हणाले, म्हणजे तिची नोकरीही गेली. शिहो म्हणाली, फ्रीजरमधलं यंत्र कागदावर तापमानाची रेघ ओढतं, ती बारा तारखेला दुपारी उसळली आहे. कुणीतरी दार उघडलंय. बाटल्या गोठल्या असतील, कोळशाचा दोष नसेल.

ते म्हणाले, "मग शिक्का कुणाचा आहे? उद्या सकाळी तो कागद माझ्या टेबलावर पाहिजे. ज्याने केलं तो इथे राहणार नाही."

शिहो म्हणाली, आणते. दुपारी फ्रीजपाशी कोण असतं, तिला ठाऊक आहे.

मी आल्या पावली परत. छप्पन्नावं चालू आहे. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. मला कोण ठेवणार?

२१ नोव्हेंबर

सगळ्यांच्या आधी पोचले. शिक्का मुठीत घट्ट — करून टाकते एकदाचं, मग होऊ दे व्हायचं ते.

बारा तारखेची चौकट रिकामी नव्हती. लाल शिक्का. शिहोचा. शेजारी तिच्या अक्षरात — बाटल्या चुकून मी ठेवल्या.

इथे चूक खोडायची रीत आहे, खोडणाऱ्याने वर आपला शिक्का मारायचा. तिच्या शिक्क्यावर आणि ओळीवर आडवी रेघ मारली. रेघेवर माझा शिक्का, जोर लावून. खाली लिहिलं — तिने नाही, मी ठेवल्या. कागद काढला. प्रोफेसरांच्या खोलीत दिवा लागला आहे.