माळावर पोचणारी तबकडी

आबा,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. ती ऐकून घेण्याच्या योग्यतेचं माणूस हयात मंडळींत सापडेना, म्हणून तुम्हाला लिहितोय. माझ्या फोनमध्ये गाणी वाजवणारी एक सोय आहे. तिला आख्खा लाँगप्ले लावायला सांगितला तर ती आधी पाचवं गाणं लावते, मग दुसरं, मग तिच्या मनाला येईल ते. पोराला आधी समास शिकवावेत आणि मग मुळाक्षरं, तसा हा प्रकार. हे बंद करायचं बटण असतं असं माझी मुलगी, म्हणजे तुमची नात, म्हणते. बटण मला सापडलेलं आहे, आबा. प्रश्न बटणाचा नाही, तत्त्वाचा आहे. आधी ताकभात ओरपून मग वरणभाताकडे वळणारा पाहुणा आपण बघितला असता तर त्याच्या घरी मुलगी दिली नसती.

आता तक्रारीमागची बातमी. कोथरूडच्या कानाच्या डॉक्टरबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवल्या आणि सांगितलं की वरच्या पट्टीचे सूर डाव्या कानातून गेलेत आणि उजव्यातून निघायच्या तयारीत आहेत. यंत्र लावलं तर बोलणं नीट ऐकू येईल, गाण्याचं मात्र सांगवत नाही म्हणाल्या. यंत्र लावून बघितलं. तानपुरा सुरू केला, तर पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखं वाटलं. तेव्हा ठरवलं की उजवा कान सोबतीला आहे तोवर आवडीचे लाँगप्ले पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत एकदा ऐकून घ्यायचे. तशी घाईसुद्धा आहे, कारण तुमच्या नातीनं स्वतःचा एक लाँगप्ले केलाय आणि तो घेऊन ती रविवारी येतेय. पण ते पुढे. ऐकता ऐकता लक्षात आलं की यातलं जवळजवळ काहीच तुम्ही ऐकलेलं नाही. कॅसेटी नुकत्याच गावात येत होत्या आणि तुम्ही निघालात. म्हणून म्हटलं, शिफारस करावी.

शिफारस करायची तर कसोटी तुमचीच लावायला हवी. कर्णा भाड्यानं देणाऱ्या माणसाची कसोटी. आपल्या माले गावातलं कुठलंही लग्न असो, तुम्ही आंब्यावर चढून कर्णा बांधता, तोंड खोऱ्याकडे करता, एक तबकडी लावता आणि मला पार खालच्या माळाच्या बांधावर धाडता. ऐकू आलं तर मी पंचा हलवायचा. मी पंचा हलवतो, तरी परत आल्यावर तुम्ही विचारताच, "पोचली का?" मी म्हणतो, ऐकू आलं की. "त्ये न्हाई इचारत. पोचली का?" या दोहोंतला फरक पुढे पुण्याच्या पाठशाळेत इतकं न्यायशास्त्र घोकलं तरी मला कुणी समजावून दिला नाही. शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण आहे एवढं मात्र तिथे शिकलो. सुट्टीत घरी येऊन ते तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितलं, तर तुम्ही सुईचं टोक अंगठ्यावर तपासत म्हणालात, "आकाशाचा व्हय? मग ह्या टायमाचं भाडं आकाशाकडनं मागून आण."

आणि तुमचा दुसरा नियम म्हणजे लावलेली बाजू संपेपर्यंत सुई उचलायची नाही. एका लग्नात हा नियम जगावर उलटला होता. नवरदेव घोड्यावर बसून मांडवाच्या दारात आला आणि नेमकी त्याच वेळी तुमच्या हातून तबकडीची उलटी बाजू लागली. संसार खोटा, नातीगोती खोटी, कोण कुणाचं, असं एक करुण भजन साऱ्या खोऱ्यात घुमायला लागलं. नवरीचा मामा धावत आला.

"आरं बंद कर की त्ये! नवरदेव दारात उभा हाय आन तुझा संसार खोटा चाललाय!"

"बाजू संपू द्या. गानाऱ्याला मधीच तोडायचं न्हाई."

"मुहूर्त टळंल की रं!"

"मुहूर्ताला भटजी हायेत. बाजूला मी हाय."

मामा कर्ण्याची वायर शोधायला लागला. तेवढ्यात घोड्यावरून नवरदेवच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा, ऐकतुया मी." मग वऱ्हाड उन्हात उभं राहिलं, करवल्या रुसल्या, आणि भजन शेवटच्या टाळापर्यंत वाजलं. तो खोटा संसार अजून खरा चाललाय बरं का. दोघांना नातवंडं आहेत. बारशाला, जावळाला, दर कार्याला त्यांनी तुम्हालाच बोलावलं.

तर पहिली शिफारस, एका वयस्क बाईंची तोडी. आख्खी एक बाजू एकच राग. आवाज जाड, जरासा घोगरा, घाई कसलीच नाही. बाजू अर्धी होत आली तरी बाई पंचमाकडे वळून बघत नाहीत, आणि बघतात तेव्हा जुन्या ऋणकोला बघावं तशा बघतात. सकाळी चहाच्या आधी ऐकायची. गायन कसं असावं असं कुणी विचारलं तर मी ग्रंथ काढत नाही, ही लावतो.

दुसरी तुम्हाला विचित्र वाटेल. साहेबांच्या देशातलं सारंगीच्या थोरल्या भावासारखं एक वाद्य असतं. एकटा माणूस ते गुडघ्यांत धरून वाजवतो. ना तबला, ना पेटी, ना कुणी वाहवा म्हणणारा. "साथीदार जेवाय गेल्यात व्हय?" असं तुम्ही विचारणारच. नाहीत, आबा, मुळातच नाहीत. थोडा वेळ ऐकलं की तो एकटाच स्वतःला साथ करतोय हे कळतं. याचे सूर खालचे आहेत, त्यामुळे ही तबकडी मला शेवटपर्यंत सोबत करेल. खर्जाशी माझे संबंध अजून चांगले आहेत.

अमेरिकेतल्या एका तुतारीवाल्याची तबकडी मात्र तुमच्यापासून लपवावी की काय असं वाटतं. अतिशय हळू, अतिशय एकाकी वाजवतो, आणि आवाज आणखी मऊ व्हावा म्हणून तुतारीच्या तोंडात बूच बसवतो. "पैसं मोजून कर्णा घ्यायाचा आन वर बोळा कोंबायाचा? ह्ये कुटलं शानपन?" असं तुम्ही म्हणाल. पण एखाद्या संध्याकाळी धरणाच्या पाण्यावर धुकं उतरलेलं असताना ती लावा. बांधापर्यंत ती जाणार नाही, तरी पोचेल. तुमचा तो फरक मला कळला तो हिच्यामुळे.

दक्षिणेतला नागस्वर ऐकाल तर धंद्याची काळजी वाटेल. त्याला कर्ण्याची गरजच नाही. आणि वरच्या खोलीत नांदेडकडचा एक मुलगा भाड्यानं राहतो, हिंजवडीला कामाला जातो, त्यानं मला विलायतेतल्या लांब केसवाल्या पोरांची तबकडी दिली. "सर, फुल्ल व्हॉल्यूमवर ऐका, मधे पॉज करू नका, सगळी गाणी जोडलेली आहेत." मधे थांबवायचं नाही म्हणाला आणि मला त्याच्यात एकदम गोत दिसलं. पहिल्यांदा ऐकताना वाटलं, आरा मशीन चालू आहे. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. तुमचा निकाल मी इथे बसून देऊ शकतो: "पोचंल. ताम्हिणीच्या पल्याड पोचंल. पर पंगतीला लावू नगं." कारण पंगतीचं शास्त्र तुमचं वेगळं. संथ भजन लावलं की माणसं सैलावून जेवतात, दुसरी पंगत खोळंबते आणि यजमान वरणाची बादली हातात घेऊन तुमच्याकडे बघत उभा राहतो. पंगतीला ढोलकीच. आता पौड रस्त्याला भुकूमपासून पुढे मंगल कार्यालयांची रांग लागली आहे. तिथल्या ठोक्यावर माणसं इतकी भराभर जेवतात की तुम्ही खूश झाला असता.

एक राहिली. आफ्रिकेतलं भोपळ्याचं वाद्य, त्याला वीणेसारख्या पुष्कळ तारा. दोघं जण समोरासमोर बसून वाजवतात, ओढ्यातले खडे एकमेकांवर घरंगळावेत तसं. परवा पहिल्यापासून ऐकली. मधल्या एका ठिकाणी दोघं एकदम थांबल्यासारखे वाटले. मग आठवलं, इथे ते थांबत नाहीत, इथे ते सगळ्यात वरच्या तारांवर जातात. तेवढा भाग मी आठवणीनंच ऐकला. छान होता.

हे सगळं तुम्हाला कशाला सांगतोय, तर आभार मानायचे राहिलेत म्हणून. पाठशाळेतून पहिल्या वर्षी आलो तेव्हा सप्ताहात तुमच्याच मायक्रोफोनवर मी स्तोत्र म्हटलं होतं. एकही उच्चार चुकला नाही. सरपंच म्हणाले, "पोरगं लई हुशार हाय." आई पदरानं डोळे पुसत होती. मी तुमच्याजवळ येऊन उभा राहिलो. तुम्ही वायर गुंडाळत होता. न बघता म्हणालात, "सगळं ऐकू आलं. पोचलं न्हाई. तू सोताशीच बोलत हुतास." त्या रात्री मी जेवलो नाही. पण इतकी वर्षं पौडच्या शाळेत संस्कृत शिकवतोय, आणि रोज मागच्या बाकावरचं पोर माझ्याकडे बघतंय की खिडकीकडे एवढंच मी तपासतो. सरपंचांचं कौतुक विरून गेलं. तुमचं ते वाक्य मला जन्मभर पुरलं. कुणीतरी एक माणूस आपल्याशी खोटं बोलणार नाही, एवढ्या भरवशावर मी उभा राहिलो.

आता रविवारचं. तुमची नात नोकरी सांभाळून गाते. तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी लवासाच्या बाजूला एका अर्धवट राहिलेल्या इमारतीच्या जिन्यात बसून आख्खा लाँगप्ले गायला. राखणदाराला विचारून, बरं का. जिन्यात आवाज सुंदर घुमतो म्हणे. खरंखुरं जातं फिरवत तिथली जात्यावरची गाणी, एक इंग्रजी, दोन तिची स्वतःची. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, क्रमानं ऐकायचं, मधे उठायचं नाही. आणि 'छान झालंय' म्हणालात तर बघा. मैत्रिणींचे बाबा छान म्हणतात. मला खरं सांगणारं तुमच्याशिवाय कुणी नाहीये." मी म्हणालो, "ये तर खरी, सालटी काढतो." ती हसली. डॉक्टरबाईंचं तिला सांगितलेलं नाही.

हे पत्र तुमच्या नावानं पोस्टात टाकलं तर पोस्टमन ते माझ्याच घरी आणून देईल आणि वर विचारेल, सर, बरं आहे ना? म्हणून तुमच्या तबकड्यांच्या पेटीत ठेवतो.

खरं सांगायचं तर बहिरा होण्याचं मला तितकंसं दुःख नाही. शिकवून पोट भरेल, खर्ज आहेच. पण तिचा आवाज वरचा आहे, आबा. तिनं फोनवर एक तुकडा ऐकवला तेव्हा जातं ऐकू आलं, मैत्रिणी ऐकू आल्या, आणि ती जिथे वर गेली तिथे काही नव्हतं. रविवारी ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघेल. गाणं संपेल, ती विचारेल, आणि मला भीती वाटते की मी छान म्हणेन.