पेट्रोल कोण टाकायचं?

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडायचीसुद्धा लाज वाटायला हवी, पण चिडलेय. आज सकाळी बारामतीहून इंदापूरला येताना लासुर्ण्याच्या अलीकडं एक नवी कोरी, महागडी गाडी बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी होती. शेजारी एक बाई कपाळाला हात लावून. मला तिच्यापाशी थांबवेना. थोडं पुढं गेले, गाडी बाजूला घेतली आणि भर रस्त्यात, ट्रकवाले बघतायत याची पर्वा न करता रडले. म्हणून हे लिहायला बसलेय.

आपली गाडी आली तेव्हा तालुक्यात तशी गाडी कारखान्याच्या बड्या लोकांकडंच होती. तुम्ही इंदापुरातला दवाखाना सांभाळून निरवांगी, कळसपर्यंत स्कूटरवर पेशंट बघत हिंडायचात, अंगावर कधी चांगला शर्ट नाही, आणि एक दिवस हे एवढं मोठं धूड पुण्याहून घेऊन आलात. दारात न आणता आधी लासुर्ण्याच्या आपल्या वस्तीवर विहारासमोर उभी केलीत. आई म्हणाली, "अहो, तीन माणसांना एवढी मोठी कशाला?" तुम्ही म्हणालात, "तीन मान्सांसाठी न्हायच ती. वस्तीतल्या पोरांसाठी हाय." आम्हाला काही कळेना. मग लग्नसराई आली आणि कळलं. तुमच्या वडलांच्या काळात आपल्या वस्तीतला नवरदेव पेठेतून घोड्यावर जाऊ शकत नव्हता. मागच्या बोळानं, पायी, डोकं खाली घालून जायचा. आता वस्तीतला प्रत्येक नवरदेव तुमच्या गाडीत मागं बसून भर पेठेतून मिरवणार होता, आणि गाडी डॉक्टर स्वतः चालवणार होते.

एक गोष्ट मला खटकायची. नवरदेवाच्या घरचे गाडीत पेट्रोल टाकायचे आणि तुम्ही खुशाल टाकू द्यायचात. मी तेव्हा पुण्यात कॉलेजात शिकत होते, तोंडाळ होते. म्हटलं, "आबा, गरिबाचं पेट्रोल कशाला घेता? शोभतं का तुम्हाला?" तुम्ही हसलात. "अगं येडे, फुकट बसवलं तर मानूस अंग चोरून बसतो. पेट्रोल त्यानं टाकलं की त्या दिवशी गाडी त्याची. बघ कसा ताठ बसतोय ते." मी बघितलं. खरंच ताठ बसायचे.

पण गाडीच धड नव्हती हो! पहिल्या महिन्यापासून इंजिन तापलं की चालता चालता बंद. पुण्याच्या शोरूमला नेली की चार दिवस ठेवून घ्यायचे, हा पार्ट बदलला, तो पार्ट बदलला म्हणायचे. भिगवण ओलांडून आलं की पुन्हा तेच. आधी म्हणाले तुमच्याकडचे रस्ते खराब, मग म्हणाले पेट्रोल भेसळीचं. शेवटी तिथला टायवाला तुम्हाला म्हणाला, "डॉक्टर, अशी गाडी चालवायची सवय लागते." मला अजून त्याचा टाय धरून ओढावासा वाटतो.

आणि मग तो दिवस. नवरदेव मागं बसलाय, बँडवाले घामाघूम होऊन वाजवतायत, आणि लासुर्ण्याच्या ऐन चौकात गाडी आचका देऊन बंद पडते. तुम्ही चावी फिरवताय, पुन्हा फिरवताय. पानाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडतं, "डॉक्टर, बैलं जुपू का?" सगळा चौक हसतो. नवरदेव खाली उतरतो, फेटा सावरतो आणि चालायला लागतो. पायी. तुम्ही मात्र स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिलात, ट्रॅक्टरनं गाडी ओढत नेली तरी खाली उतरला नाहीत. त्या दिवसापासून तुमचं जेवणावरचं मन उडालं.

बारामतीचे आपले वकील म्हणाले, पुण्याला ग्राहक मंचात तक्रार करा. नव्या वस्तूत मूळचाच दोष असेल आणि दुरुस्त्या करूनही जात नसेल, तर बदलून मागता येते, नाहीतर पैसे परत, शिवाय भरपाई. तुमचा चेहरा काय उजळला आबा! "बघ, कायदा हाय आपल्या बाजूनं," हे तुम्ही येईल त्या पेशंटला सांगायला लागलात. वकिलांनी एकच बजावलं होतं. "डॉक्टर, लग्नांचं काढू नका. धंद्यासाठी घेतलेल्या गाडीला हा कायदा लागू होत नाही. विचारलंच तर पेट्रोल माझं म्हणा. बास."

मंचासमोर कंपनीच्या वकिलानं झेंडूच्या माळा घातलेल्या गाडीचा फोटोच पुढं केला. "ही लग्नाला दिली होती?"

"व्हय."

"पेट्रोल कोण टाकायचं?"

आपले वकील घसा खाकरत होते. मी मनात म्हणत होते, आबा, एकदा, फक्त एकदाच! आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "ज्याचं लग्न, त्यो."

तक्रार फेटाळली. मोबदला घेऊन गाडी चालवतात, सबब ग्राहक नाहीत. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. इंदापूर जवळ आल्यावर विचारलंत, "इकत घिऊनसुदिक गिऱ्हाईक न्हाय व्हय गं आपून?"

मुंबईला राज्य आयोगाकडं अपील केलं आणि त्याची तारीख लागायच्या आत तुम्ही गेलात. हृदयविकार, असं डॉक्टर म्हणाले. खरं काय झालं होतं ते मला माहीत होतं. तुमच्या जागी माझं नाव लागलं. वकिलांनी सांगितलं, आयोग तुलाच विचारेल, आता तरी शहाणपणा कर. मी केला होता की! आरशासमोर उभं राहून घोकलं होतं: आमच्या आबांनी पेट्रोलसुद्धा कुणाकडून घेतलं नाही. तुम्हाला एवढं एक मिळवून द्यायचंच होतं, मग त्यासाठी काहीही बोलावं लागो. आयोगानं तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडलं आणि मागं बघितलं. तो चौकात उतरलेला नवरदेव आला होता. कुणी बोलावलं नव्हतं, एक दिवसाची मजुरी बुडवून, इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसला होता. त्याच्या देखत कसं म्हणू की पेट्रोल आमचं होतं, तू फुकट बसला होतास? मी खरं ते सांगितलं. अपीलही गेलं.

वस्तीत अजून म्हणतात, पोरगी बापावर गेली, खोटं बोलली नाही. मी ऐकून घेते. हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तो त्या दिवशी आला नसता, तर मी बेधडक खोटं बोलले असते आबा. आणि तुम्ही गिऱ्हाईक ठरला असतात.