रकाना नऊ

३ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र आलं. सैन्याच्या वैद्यकीय बोर्डापुढे ह्यांची फेरतपासणी सतरा तारखेला, सकाळी साडेदहा. सैन्यातून घरी येऊन आठ वर्षं झाली, तीन तपासण्या झाल्या आणि दर वेळी अपंगत्वाचे टक्के खालीच आलेत. आता तीस आहेत. वीसच्या खाली गेले की मनाच्या डॉक्टरांकडचा उपचार बंद, गोळ्या बंद. गोळ्या बंद झाल्या की काय होतं ते मी एकदा पाहिलंय. परत नको.

ह्यांनी पत्र वाचलं, घडी घालून पाकिटात ठेवलं आणि बूट पॉलिश करायला बसले. चौदा दिवस आधी!

५ फेब्रुवारी

माजी सैनिकांच्या संघटनेत जाऊन आले. तिथले कारकून, ज्यांना सगळे फाईलवाले काका म्हणतात, त्यांनी मागचा अहवाल वाचून दाखवला. 'पोशाख नीटनेटका. उत्तरे थोडक्यात व आदराने. तक्रार नाही.' म्हणजे सुधारणा झाली म्हणे!

मी म्हटलं, अहो काका, टेबलापलीकडे कुणी साहेब बसला की हे 'सगळं ठीक, साहेब' असंच म्हणणार. पाय मोडून हातात आला तरी तेच म्हणतील. अठरा वर्षं दुसरं काही शिकवलंच नाही त्यांना.

'ते मला नका सांगू वहिनी, रकाना नऊला सांगा.'

फॉर्मवरचा रकाना नऊ – भीतीचा शेवटचा झटका कधी आला, तारीख लिहा. माझ्याकडे तारीख आहे, पण अकरा महिन्यांपूर्वीची. काका चष्म्यावरून बघून म्हणाले, 'अकरा महिने काही नाही म्हणजे बोर्ड म्हणणार, बरे झाले.' मी फॉर्म पिशवीत घालून घरी आले.

८ फेब्रुवारी

आज भाजी निवडताना उत्तर सुचलं. तीन दिवस उशिरा, माझं नेहमीचंच.

झटका येत नाही कारण मी येऊ देत नाही. दारावरच्या बेलची वायर मीच कापली. खुर्च्यांच्या पायांना जुन्या बनियनच्या चिंध्या बांधल्यात. मिक्सर फक्त हे फिरायला गेल्यावर. फोन कायम सायलेंटवर. मुलगी शाळेतून येताना कोपऱ्यावरून मेसेज करते, मग मी ह्यांना सांगते, मग दार उघडते. तिच्या मैत्रिणी आमच्याकडे येत नाहीत. ग्रंथालयातली माझी नोकरीही गेली, कारण घरी कोण बसणार? जेवायच्या टेबलाशी ह्यांची खुर्ची ठरलेली, भांड्यांच्या कपाटासमोरची. कपाटाला काच आहे, तीत मागची खोली दिसते. मागचं दिसलं तर ह्यांना घास उतरतो. म्हणून कपाटही मीच तिथे ओढून आणलं, कंबर धरली होती आठवडाभर.

इतकं सगळं केलं आणि नवरा कागदावर बरा झाला. धन्य माझी.

९ फेब्रुवारी

काकांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ह्याला रकाना नाही. मग आवाज हळू करून – 'मी काही सांगितलं नाही हां वहिनी. पण थोडे दिवस घर चारचौघांच्या घरासारखं चालू द्या.'

१० फेब्रुवारी

मनात काय येतंय ते इथेही लिहीत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

केलं.

मुलगी शाळेत होती. हे टेबलाशी बसून चहा घेत होते. मी मागे ओट्यापाशी मोठ्या पातेल्याचं स्टीलचं झाकण हातात धरून उभी होते. किती वेळ उभी होते, माहीत नाही. मग सोडलं.

खुर्ची उलटली, कप फुटला. हे खाली, पण एकटे नाही. माझा दंड धरून मलाही खाली ओढलं आणि माझं डोकं छातीशी धरून वरून दोन्ही हातांनी झाकून घेतलं. अंग लाकडासारखं ताठ. वीस मिनिटं तरी तसेच होतो. झाकण अजून फिरतंय असं मला वाटत होतं. मग म्हणाले, 'तुला लागलं नाही ना?'

नंतर न्हाणीघरात कडी लावून बसले ते मुलगी येईपर्यंत.

तारीख मिळाली. रकाना नऊमध्ये लिहिली. मला माझी किळस येतेय.

१२ फेब्रुवारी

झाकणाला पोचा आला होता. ह्यांनी अंगठ्याने दाबून दाबून तो काढला. मग झाकण पातेल्यावर नेऊन ठेवलं.

१६ फेब्रुवारी

तारीख खोडली. झटका खरा होता, पण तो मी आणला होता. तो कागदावर घालून ह्यांचे टक्के वाढवायचे तर मग माझ्यात आणि त्या बोर्डात फरक काय? त्याऐवजी बेल, चिंध्या, मिक्सर, कपाट – सगळं दोन पानं भरून लिहिलं. कुणी वाचेल असं वाटत नाही. पण हे खरं आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांनी पानं घेतली, फाईलखाली सरकवली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. दार लागता लागता ऐकलंच – 'ठीक आहे, साहेब.' अर्ध्या तासाने हे बाहेर आले. बूट चकाचक.

'काय सांगितलंत?'

'ठीक म्हणालो.'

बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिले. दोन आठवडे जीव टांगणीला लावून, नको ते करून, शेवटी ठीक! घरी आल्यावर मला बेडरूमचं दार धाडकन आपटायचं होतं. तेही करता येत नाही मला. हळूच लोटलं आणि उशीत तोंड खुपसून रडले, आवाज न करता.

६ मार्च

अहवाल आला. पहिल्या पानावर, 'अर्जदाराचे म्हणणे' –

'मी ठीक आहे, साहेब. माझ्या बायकोला तपासा. बुधवारी तिने मुद्दाम झाकण पाडलं. मला समोरच्या काचेत दिसत होतं. पाडायच्या आधी दहा मिनिटं ती नुसती थरथरत उभी होती. घरात काही वाजलं की आता माझ्याआधी ती दचकते. हे माझ्यामुळे झालं. ते कुठल्या रकान्यात लिहायचं, मला माहीत नाही.'

टक्के दुसऱ्या पानावर आहेत. अजून पान उलटलेलं नाही.